पॉवर स्टिअरिंगमधील बिघाड : निदान व दुरुस्ती

स्टिअरिंग फिरवताना चालकाच्या हाताला तेलाच्या दाबाची किंवा विजेच्या मोटरची जोड देणाऱ्या यंत्रणेला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये तेलाच्या दाबावरील यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५१ साली ती क्रायस्लर इम्पीरियल या प्रवासी मोटारीतून बाजारात आली. सुझुकीच्या सर्व्हो गाडीत १९८८ मध्ये विद्युत मोटरची मदत मिळाली. आज भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही दुसरी पद्धतच असते, म्हणून आपल्या गाडीत कोणती आहे हे आधी पाहावे.

स्टिअरिंग जड लागले की थेट रॅक (पुढची चाके डावी-उजवीकडे वळवणारा दांडा) बदलायला सांगितले जाते. ही घाई खर्चात टाकते. पहिल्यांदा पुढच्या टायरांतली हवा तपासावी. ती कमी असली तरी स्टिअरिंग जडच लागते. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवावे. तरीही ते अडत असेल तर बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोलाकार सांधा) किंवा स्टिअरिंग कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) जॉइंट संशयित ठरतो, तेलाला दाब देणारा पंप नव्हे.

तेलाच्या यंत्रणेत आवाज बरेच काही सांगतो. वळताना घूंऽऽ असा आवाज येऊन तो इंजिनच्या वेगाबरोबर चढत गेला, तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचे झाकण उघडल्यावर तेल फेसाळ, दुधाळ दिसले तर हवाच. बऱ्याचदा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीचा क्लॅम्प ढिला असतो. तिथे तेल खेचले जात असते, त्यामुळे बाहेर थेंबही न दिसता आत हवा ओढली जाते. किंचाळल्यासारखा आवाज ढिल्या किंवा झिजलेल्या बेल्टचा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर येणारी हलकी फुसफुस मात्र दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची असते. तो बिघाड नव्हे. तरी त्या स्थितीत पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप तापतो.

तेल वारंवार घटत असेल तर रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांची क्लिप सैल करून आत बघावे. आत तेल साचले असेल तर रॅकचे सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेले आहे, आणि मग दुरुस्ती किंवा बदली अटळ. गळती थांबवणारी औषधे फार तर थोडे दिवस चालतात. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच घालावे. ब्रेक ऑइल कधीही घालू नये. त्याने सील फुगून खराब होतात.

तेलात शिरलेली हवा काढताना चाके उचललेली आणि इंजिन बंद हवे. टाकी भरून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, वारंवार फिरवावे. पातळी उतरली की तेल घालत राहावे, टाकी रिकामी पडू देऊ नये. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तेच करावे.

विद्युत यंत्रणेत डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर प्रथम बॅटरीचे व्होल्टेज, फ्यूज व अर्थिंग पाहावे. बॅटरी कमजोर असली की नियंत्रक मदत कमी करतो. पार्किंगमध्ये सतत पूर्ण वळवल्याने मोटर तापूनही स्टिअरिंग जड होते, गार झाल्यावर पूर्ववत होते. टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवरचा हाताचा जोर मोजणाऱ्या भागाचा) दोष स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीला जोडून बिघाड वाचणाऱ्या यंत्राशिवाय, पकडता येत नाही. मदत बंद पडली तरी चाकांशी असलेला यांत्रिक दुवा तुटत नाही. अशा वेळी वेग कमी करून, दोन्ही हातांनी जोर लावत गाडी कडेला घेता येते.