जुना लॅपटॉप नवे कार्ड का नाकारतो?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुना लॅपटॉप मोडीत काढावा की नवे भाग घालून चालवावा, हा प्रश्न रत्नागिरी-कुडाळकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतही येऊन ठेपला. रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे बहुधा विनासायास होते. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडले असतील, तर कारागीर ते खोडरबराने पुसून घेतो, इतकेच. वायफाय कार्ड बदलल्यावर मात्र काही यंत्रे ते कार्ड अमान्य असल्याचा संदेश दाखवून तिथेच अडून बसतात. मग मदरबोर्ड गेला, असा बोभाटा होतो; वस्तुतः तो शाबूत असतो.

अशा प्रत्येक कार्डात उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे १६ बिटांचे दोन क्रमांक असतात. यंत्र सुरू होताच बायोस, म्हणजे मदरबोर्डावरील चिपमध्ये साठवलेले पहिले सॉफ्टवेअर, ते वाचते आणि काही कंपन्यांनी त्यातच घालून ठेवलेल्या मान्य क्रमांकांच्या यादीशी ताडून पाहते.

ही यादी बदलणे जुन्या यंत्रांत शक्य असते, कारण आठ पायांच्या त्या चिपला चिमटा लावून आतला मजकूर वाचता येतो आणि सुधारून पुन्हा लिहिता येतो. इंटेलने २०१३ च्या सुमारास आणलेले ‘बूट गार्ड’, म्हणजे यंत्र सुरू होताना बायोस मूळचाच आहे ना हे तपासणारी सोय, ज्या यंत्रांत कार्यान्वित आहे, तिथे मात्र हा उपाय खुंटतो, आणि ती रचना खरोखर देखणी आहे. बायोसच्या संरक्षित मजकुरावरून २५६ बिटांचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा गणिताने काढलेला ठसा, काढतात. मजकुरातील एक बिट बदलला, तरी हॅशमधील साधारण निम्मे बिट पालटतात. या हॅशवर कंपनी आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त तिलाच ठाऊक असलेल्या मोठ्या संख्येने, डिजिटल सही करते, आणि ती सही तपासणाऱ्या जाहीर किल्लीचा हॅश कारखान्यातच चिपसेटमधील सूक्ष्म फ्यूज जाळून कायमचा नोंदवलेला असतो. जळालेला फ्यूज पूर्ववत होत नसल्याने परक्या किल्लीची सही तिथे चालत नाही. ‘कोणताही बायोस अनलॉक करून मिळेल’ या जाहिरातींवर आणि यंत्राला नजर लागल्याच्या निदानावर सारखाच विश्वास ठेवावा.

२०१८ साली उघडकीस आलेले लोजॅक्स हे घातक सॉफ्टवेअर याच चिपमध्ये दडत असे आणि हार्ड डिस्क बदलली तरी टिकत असे, म्हणून सहीची तटबंदी समर्थनीय आहे. कार्डांची यादी ही निराळी बाब आहे. रेडिओ-लहरींच्या नियमांचे कारण तिच्यासाठी पुढे केले जाते, पण ग्राहकाला कंपनीच्याच सुट्या भागांशी बांधून ठेवण्याचा लाभही त्यात उघड दिसतो. कार्ड घेण्यापूर्वी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मान्य भागांचे क्रमांक पाहावेत. बाहेरून लावायचे यूएसबी वायफाय सहसा या तपासणीत अडकत नाही.