प्लेवाको की कोनी? किटली चोरणारी म्हातारी आणि दोन रशियन कायदेपंडित

रशियन वकिलीचा विषय निघाला की किटलीची गोष्ट येतेच. एका गरीब म्हातारीनं तीस कोपेकची चहाची किटली चोरली. समोरचा वकील आता तिचं वय, तिची गरिबी, चोरीचा क्षुल्लकपणा हेच उगाळणार, हे सरकारी वकिलानं आधीच ओळखलं. म्हणून ते सगळं त्यानं स्वतःच बोलून टाकलं आणि वर म्हणाला, पण मालमत्ता पवित्र आहे, तिला धक्का लागू दिला तर देश रसातळाला जाईल. मग बचावाचा वकील उठला. रशियानं पेचेनेग सोसले, तातार सोसले, पोलंडवाले सोसले, नेपोलियन मॉस्कोत शिरला तेही पचवलं; पण आता या म्हातारीनं तीस कोपेकची किटली चोरली, यातून मात्र रशिया काही वाचत नाही! म्हातारी सुटली.

हा वकील कोण? कुणी सांगतं फ्योदर प्लेवाको, कुणी अनातोली कोनी. गोष्ट तोंडोतोंडी फिरलेली, त्यामुळे किटलीची किंमतही कुठे तीस तर कुठे पन्नास कोपेक. पण नावाचा घोळ लगेच सुटतो. कोनी असूच शकत नाहीत, कारण आरोपीचा वकील म्हणून ते कधी उभेच राहिले नाहीत. मीही बरीच वर्षं त्यांना बचावाचे वकील समजत होतो, आणि त्याला कारण होतं व्हेरा झासुलिचचा खटला. त्याकडे येतोच.

घोळ व्हावा अशी साम्यं भरपूर आहेत. प्लेवाको १८४२चे, कोनी १८४४चे. दोघंही मॉस्को विद्यापीठात कायदा शिकले, एक १८६४ साली बाहेर पडला, दुसरा १८६५ साली. नेमकी तीच वर्षं रशियन न्यायव्यवस्था मुळापासून बदलण्याची होती. १८६४च्या सुधारणांनी उघड्यावर चालणारे खटले आले, स्वतंत्र वकीलवर्ग आला आणि बारा जणांची ज्युरी आली. टिळकांवरच्या १९०८च्या खटल्यात मुंबईची नऊ जणांची ज्युरी बहुतांशी युरोपियनांची होती आणि कौल सात विरुद्ध दोन असा गेला, हे आपल्याला ठाऊक असतं. रशियन ज्युरीत व्यापारी, कारकून, शेतकरी असे तिथलेच लोक बसत, आणि मतं समसमान पडली तर फायदा आरोपीचा. अशा बारा जणांपुढे जीभ चालवता येणारा माणूस रातोरात प्रसिद्ध होई. दोघांचीही चालत होती. फक्त जागा वेगवेगळ्या होत्या.

प्लेवाकोंची जागा आरोपीशेजारी. जन्म उरलच्या पायथ्याशी त्रोईत्स्कचा. वडील सरकारी अधिकारी, आई स्टेप या गवताळ प्रदेशातली, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. मॉस्कोच्या शाळेतून प्लेवाको आणि त्यांच्या भावाला ‘अनौरस’ म्हणून काढून टाकण्यात आलं. कायद्याच्या चौकटीबाहेर ढकललं जाणं म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कोनींनी पुढे त्यांचं शब्दचित्र लिहिलं आहे: गालफडं वर आलेली, डोळे एकमेकांपासून लांब, केस आवरता न येणारे, वकिली कोट अंगावर नीट न बसलेला आणि बोलण्यात बोबडेपणाची झाक. वक्त्याला हवं त्यातलं काहीच नाही, आणि तरी बोलायला लागले की सभागृह त्यांचं.

त्यांचं खरं काम मला किटलीपेक्षा दोन खटल्यांत दिसतं. १८८०मध्ये तुला प्रांतातल्या ल्युतोरिची गावच्या शेतकऱ्यांवर दंग्याचा खटला चालला. जमीनदाराच्या कारभाऱ्यानं देणी लादून गाव पिळून काढलं होतं. प्लेवाकोंनी फी घेतली नाहीच, उलट खटला चालू असेपर्यंत आरोपींच्या राहण्याजेवणाचा खर्च स्वतः केला. बहुतेक जण सुटले. दुसरा खटला मोरोझोव्हच्या कापडगिरणीतल्या संपाचा, १८८६ सालचा. त्यात ज्युरीपुढे १०१ प्रश्न ठेवले गेले, आणि ज्युरीनं १०१ वेळा ‘दोषी नाही’ असं उत्तर दिलं. कात्कोव्ह या सनातनी संपादकानं चिडून लिहिलं की रशियात कामगार प्रश्न अवतरल्याची ही १०१ तोफांची सलामीच झाली. चिडून लिहिलं, पण बरोबर लिहिलं.

प्लेवाको क्रांतिकारक मात्र नव्हते. गडगंज व्यापाऱ्यांचे खटले घेत, पैसा भरपूर कमावत, देवभक्त होते. १९०७ साली दुमात, म्हणजे रशियन संसदेत, निवडून आले तेही ऑक्टोब्रिस्ट या नेमस्त पक्षाकडून, आणि तिथे त्यांचं वक्तृत्व फारसं चाललं नाही. बारा माणसांच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्याला शेकडो पक्षबद्ध प्रतिनिधींपुढे काय सापडणार? पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

आता कोनी. यांची जागा सरकारी पगाराच्या खुर्चीत: आधी सरकारी वकील, मग न्यायाधीश, मग सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात. २४ जानेवारी १८७८ रोजी (तारखा जुन्या रशियन पंचांगातल्या) त्यांनी पीटर्सबर्ग जिल्हा न्यायालयाचं अध्यक्षपद हाती घेतलं, आणि त्याच दिवशी झासुलिच नावाच्या तरुणीनं शहराचे प्रमुख जनरल त्रेपोव्ह यांच्यावर गोळी झाडली. कारण काय, तर आपल्यासमोर टोपी काढली नाही म्हणून त्रेपोव्हनं एका राजकीय कैद्याला फटके मारवले होते. त्रेपोव्ह वाचले. गोळी कुणी झाडली याबद्दल शंका नव्हतीच.

न्यायमंत्री पालेन यांना शिक्षेची हमी हवी होती. कोनींच्या आठवणींप्रमाणे मंत्र्यांनी असंही सुचवलं की कामकाजात मुद्दाम एखादी चूक ठेवा, म्हणजे निकाल उलटा गेला तर रद्द करता येईल. कोनींनी दोन्हींना नकार दिला. दोन सरकारी वकिलांनी खटला चालवायलाच नकार देऊन नोकरीवर पाणी सोडलं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ३१ मार्चला ज्युरीनं झासुलिचला निर्दोष ठरवलं.

म्हणजे तिला सोडवलं कुणी? बचावाचे वकील होते प्योत्र अलेक्सांद्रोव्ह, आणि सोडलं ज्युरीनं. कोनी अध्यक्षस्थानी होते. त्यांनी ज्युरीला पुरावा आणि कायदा समजावून सांगितला, आणि कौल आल्यावर तो मोडू दिला नाही. एवढंच केलं, आणि त्याची किंमत मोजली. राजीनाम्यासाठी दबाव आला. तो त्यांनी दिला नाही, तेव्हा पुढे त्यांना दिवाणी विभागात हलवण्यात आलं. अधिकाऱ्यांवरच्या हल्ल्यांचे खटले तर त्याच वर्षी ज्युरीकडून काढूनच घेतले गेले. अलेक्सांद्रोव्हचं नाव आज रशियाबाहेर कुणाला आठवत नाही, त्यामुळे त्याचं श्रेय कोनींच्या खात्यात जमा होतं, आणि कधीकधी तिथून प्लेवाकोंच्या.

एका प्रकरणात मात्र दोघं एकाच बाजूला होते, आणि ती बाजू बचावाची नव्हती. मठाधिपती मित्रोफानिया ही जन्मानं सरदारकन्या, दरबारात ओळखी असलेली. मठाच्या दानकार्यासाठी तिनं व्यापाऱ्यांच्या खोट्या हुंड्या केल्या. चौकशी सुरू केली पीटर्सबर्गचे तेव्हाचे सरकारी वकील कोनी यांनी. १८७४ साली मॉस्कोत खटला उभा राहिला तेव्हा फसवल्या गेलेल्यांच्या वतीनं बोलले प्लेवाको. मठांच्या भिंती आणखी उंच बांधा, म्हणाले, म्हणजे झग्याआड तुम्ही काय करता ते जगाला दिसणार नाही. नेहमी माणसाला सोडवणारा हा वकील त्या दिवशी भक्तिभावानं आणि रागानं शिक्षा मागत होता.

कोनींना आयुष्य लांब लाभलं. १८८८च्या बोर्कीच्या शाही रेल्वे अपघाताची चौकशी त्यांनी केली आणि दोष वरिष्ठांपर्यंत नेला. त्यांनी सांगितलेल्या एका खऱ्या हकिकतीवरून टॉलस्टॉयनं आपली शेवटची मोठी कादंबरी रचली. क्रांतीनंतरही ते पेत्रोग्राडमध्ये (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) राहिले, आणि अपघातात मोडलेल्या पायानं काठ्या टेकत व्याख्यानांना जात राहिले. रशियन भाषेत ‘कोनी’ म्हणजे घोडे. त्यांना दिलेली घोडागाडी काढून घेतली गेली तेव्हा गावात विनोद झाला: घोडे मॉस्कोला गेले, आणि कोनी पायी चाललेत. १९२७मध्ये ते वारले.

आज रशियात दोघांच्याही नावानं पदकं दिली जातात. प्लेवाकोंच्या नावाचं पदक वकिलांच्या संघटना देतात, आणि कोनींच्या नावाचं देतं न्याय मंत्रालय, पालेन एकेकाळी ज्याचे मंत्री होते तेच खातं.