घाटातली टँक इंजिने: भोर घाटापासून निलगिरीपर्यंत

सपाट रुळावर एक टन गाडी ओढायला पाच-सहा किलोचा जोर पुरतो. ३७ फुटांना एक फूट चढ लागला की त्याच टनामागे आणखी २७ किलो लागतात, २० ला १ च्या चढावर ५० आणि साडेबाराला १ च्या चढावर ८०. बॉयलर कितीही दांडगा असला तरी हा जोर शेवटी चाक आणि रूळ यांच्या पकडीतूनच यायचा. कोरड्या रुळावर ही पकड इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांच्यावरच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी असते. धुक्याने किंवा पालापाचोळ्याने रूळ निसरडा झाला की ती दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरते. ब्रिटिश काळात डोंगरी रेल्वेसाठी जी इंजिने घडली, त्यांच्या प्रत्येक वेगळेपणामागे हाच हिशोब आहे.

टँक इंजिन पसंत पडले तेही यामुळेच. टेंडर म्हणजे इंजिनामागचा पाण्याचा आणि कोळशाचा वेगळा डबा, मागून ओढायचे निव्वळ ओझे. तेच पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावर चढवला की ते वजन चाकांची पकड वाढवते. शिवाय घाटात इंजिन कधी पुढे, कधी मागे चालवावे लागते, आणि टेंडर नसला की उलटे चालवणे सोपे जाते. उणीव एकच, पण मोठी: टाकी लहान, त्यामुळे वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागते आणि पाणी संपत जाईल तशी पकडही कमी होते. नेरळ-माथेरान मार्गावरच्या एका स्थानकाचे नावच ‘वॉटर पाइप’ आहे.

सुरुवात आपल्याच भोर घाटात झाली. १८६३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो खुला केला तेव्हा चढ ३७ ला १ होता आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवावी लागे. त्यासाठी आणलेल्या जड इंजिनांना बॉयलरवर खोगिरासारखी टाकी होती आणि उतारासाठी स्लेज ब्रेक होता. या ब्रेकचा ठोकळा चाकाऐवजी थेट रुळावर दाबला जाई. कल्पना ठीक होती, पण ठोकळा जोरात दाबला की इंजिनाचे थोडे वजन त्याच्यावर जाते आणि चाकांची पकड नेमकी हवी तेव्हा सुटते. म्हणून घाटात बेफाम सुटलेली गाडी अडवायला चढत्या कॅच सायडिंगवरच, म्हणजे बाजूला काढलेल्या रुळावरच, भिस्त ठेवावी लागली.

दार्जिलिंगचा प्रश्न वेगळा होता. १८८१ मध्ये फ्रँकलिन प्रेस्टेजची दोन फुटी रेल्वे तिथे पोहोचली ती बैलगाडीच्या रस्त्याच्या कडेकडेने. चढ २० ला १ च्या आसपास आणि काही वळणांची त्रिज्या जेमतेम १८ मीटर. अशा वळणात लांब इंजिन अडकते, म्हणून १८८९ पासून शार्प स्टुअर्ट कंपनीची चारच चाकांची ‘बी’ वर्गाची इंजिने आली. चारही चाके कामाची, म्हणजे सगळे वजन पकडीचे. पाणी काही बॉयलरवरच्या टाकीत, काही खाली फ्रेमच्या मधे, म्हणजे गुरुत्वमध्यही खाली राहतो. इंजिन साधारण १४ टनांचे धरा. कोरड्या रुळावर साडेतीन टन जोर, त्यातला ७०० किलो स्वतःलाच वर न्यायला जातो, उरलेल्यावर पन्नासेक टन गाडी चढते. रूळ ओले झाले की हा आकडा वीसच्याही खाली येतो. म्हणूनच इंजिनाच्या पुढच्या आडव्या तुळईवर (बफर बीमवर) दोन माणसे बसून हाताने रुळावर वाळू टाकत. चाक एकदा जागच्या जागी फिरू लागले की वाळू उशिरा पडते. वळण दिसताच टाकायची असते.

१९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीला जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची सहा चाकी इंजिने मिळाली. तीन आस जोडलेले, तरी वळणात अडकत नाहीत, याचे श्रेय क्लीन-लिंडनर पद्धतीला. पुढच्या आणि मागच्या जोडीत चाके एका पोकळ नळीवर बसवलेली असतात आणि तिच्या आतून खरा आस जातो. मधोमध गोलसांधा असतो, त्यातली पिन फिरण्याचा जोर नळीला देते, आणि वळण आले की नळी चाकांसह थोडी तिरकी होते. दुखणे असे की सांधा नळीच्या आत बंद. त्याला वंगण नीट पोहोचत नाही, झीज बाहेरून दिसत नाही आणि तपासायला चाकांची जोडी काढावी लागते. तरीही ही इंजिने दशकानुदशके चालली. या रचनेचा अभ्यास दार्जिलिंगइतका झाला नाही, याची खंत वाटते.

निलगिरीत मात्र नुसत्या पकडीवर भागण्यासारखे नव्हते. साडेबाराला १ च्या चढावर ओल्या रुळाने इंजिनाच्या दर टनामागे १०० किलो जोर दिला, तर त्यातले ८० किलो ते स्वतःलाच उचलण्यात घालवेल. म्हणून कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध आब्ट पद्धतीची दातेरी पट्टी आली. दोन पट्ट्या शेजारीशेजारी, दात एकमेकांच्या अर्ध्या अंतराने पुढेमागे, म्हणजे एक दात सुटताना दुसरा धरलेलाच असतो. १९१४ पासून स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून ‘एक्स’ वर्गाची इंजिने आली. सपाटीवर खालचे दोन सिलिंडरच चालतात. दातेरी भागात त्यांतून निघालेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते गिअरमधून दातेरी चाके फिरवतात. नीट पाहिले तर वरचे दांडे खालच्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसतात. दातेरी पट्टीत शिरताना वेग अगदी कमी हवा, नाहीतर दातावर दात चढतो. पट्टीचे पहिले टोक स्प्रिंगवर बसवलेले असते ते यासाठीच.

चढावरची आणखी एक धास्ती बॉयलरच्या आत असते. चार मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये निलगिरीच्या चढावर एका टोकाचे पाणी दुसऱ्यापेक्षा ३२ सेंटिमीटर खोल होते. फायरबॉक्सचे, म्हणजे भट्टीचे, छत उघडे पडले तर ते तापून खचते, म्हणून तिथे शिशाचा बूच असतो. पाणी उतरले की तो वितळतो आणि वाफ आगीवर येते. फायरमनची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवरून हलत नाही.

निलगिरीत उतरताना इंजिन नेहमी गाडीच्या खालच्या बाजूला. सिलिंडर हवा ओढून दाबतात, ती तापू नये म्हणून आत पाणी सोडतात आणि दाबलेली हवा बारीक वाटेने बाहेर काढतात. ही रिगेनबाखची प्रतिदाब पद्धत. तिच्यामुळे ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत. त्याखेरीज चाकांचे आणि दातेरी चाकांचे ब्रेक वेगळे, आणि प्रत्येक डब्यावर एक ब्रेकमन.

तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून या मार्गासाठी तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने बांधली. इंधन बदलले, चार सिलिंडर आणि दातेरी चाकांची मांडणी मात्र १९१४ चीच ठेवली.