होडी आणि उलटी होडी: मिरचीचं पान का मुरडतं?

गणपती गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मिरचीचं एक पान. "अहो, हा बोकड्याच ना? नर्सरीवाला म्हणाला, औषध मारा. दोनदा मारलं. काही फरक नाही." आमची सोसायटी कोथरूडमधली, बाल्कन्या पश्चिमेच्या, आणि दर दोन घरांआड एक तरी मिरचीची कुंडी. त्यामुळे हा प्रश्न काही नवीन नव्हता. तोडून आणलेल्या एका पानावरून नक्की सांगता येणार नाही, झाड बघावं लागेल, असं म्हटल्यावर काकू जरा हिरमुसल्या.

बोकड्या म्हणा, चुरडामुरडा म्हणा, हे नाव लक्षणाचं आहे. माणसाला ताप येतो तसं. ताप डेंग्यूचा असेल, टायफॉइडचा असेल, नाहीतर नुसतं ऊन लागलं असेल. डॉक्टर तिन्हींना एकच गोळी देत नाहीत. मिरचीच्या बाबतीत मात्र आपण पान वळलेलं दिसलं की थेट फवारणीच्या पंपाकडे धावतो.

खरं तर पान सपाट असणं हीच नवलाची गोष्ट आहे. गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवा. वरची बाजू उन्हाने आधी सुकते आणि आखडते, खालची अजून ओलसर असते, की लागल्या कडा वर उचलायला. म्हणून तर पापड उलटायला घरातलं एखादं पोर बसवावं लागतं. पानाचं गणितही हेच, फक्त पापड सुकताना आखडतो आणि पान वाढताना पसरतं. वरचा थर आणि खालचा थर एकाच वेगाने वाढले तर पान सपाट राहतं. वरचा मागे पडला तर कडा वर येतात आणि पानाची होडी होते. खालचा मागे पडला तर कडा खाली वळतात, उलटी होडी.

काकूंच्या कुंडीत उलटी होडी होती. शेंड्याची पानं अरुंद आणि ताठर, देठ पानाच्या मानाने भलतेच लांब, पान उलटून पाहिलं तर खालून तांबूस, तेलकट चमक. फुलं गळून गेलेली. जुनी, खालची पानं मात्र ठणठणीत. हे काम पिवळ्या कोळीचं. जेमतेम ०.२ मिलिमीटरचा हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सोनार डोळ्याला लावतात ते भिंग, तेही वीसपट मोठं दाखवणारं, घेऊन शेंड्याचं कोवळं पान उलटं धरलं तेव्हा शिरेच्या कडेने पिवळसर, पारदर्शक ठिपके चालताना दिसले. त्यांच्या अंड्यांवर पांढऱ्या टेंगळांच्या रांगा असतात. ती दिसली की शंका उरत नाही.

कोळीला कोवळ्या पानाचीच खालची बाजू लागते. पेशींना भोक पाडून तो रस शोषतो आणि त्याच्या लाळेतले विषारी पदार्थ तिथली वाढ बिघडवतात. वरचा थर वाढतच राहतो, खालचा अडतो. पापडाचंच गणित, उलट्या बाजूने. त्याच्या प्रवासाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे: नर कोळी अजून कोषावस्थेत असलेल्या मादीला उचलून नव्या, रसाळ पानावर नेऊन ठेवतो. आणि एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जायचं असेल तर पांढऱ्या माशीच्या पायाला लटकून फुकट प्रवास.

काकूंनी मारलेलं औषध मावा-तुडतुड्यांचं होतं. कोळी हा कीटकच नव्हे. त्याचं कूळ विंचवाचं, घरातल्या जाळीवाल्या कोळ्याचं. कीटकांसाठी बनवलेली पुष्कळ औषधं त्याला शिवतही नाहीत. उलट कोळीला खाणारे छोटे शिकारी त्यात मरतात आणि ह्याला रान मोकळं मिळतं. दोनदा फवारून फरक का पडला नाही, याचं उत्तर इथे आहे.

कडा वर वळलेल्या असतील, म्हणजे सुलटी होडी, तर आधी फुलकिड्यांवर संशय घ्यावा. यासाठी भिंगाचीही गरज नाही. शेंड्याखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदीला दोन टिचक्या मारायच्या. मिलिमीटरभर लांबीच्या बारीक काड्या कागदावर पळायला लागल्या तर तेच. पानावर खरवडल्यासारखे चंदेरी डागही असतात. याच फुलकिड्यांच्या एका परदेशी जातीने २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात मिरचीची शेतंच्या शेतं उद्ध्वस्त केली.

तिसरा गुन्हेगार विषाणू. पानं आखूड, चुरगळलेली, शिरा फुगीर, झाड खुजं, आणि कुंडी हलवली की पांढऱ्या माशांचा धुरळा उडतो. ही माशी एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते तेव्हा सुईवाटे विषाणू सोडते. तो पेशीत शिरून पानाच्या वाढीचं वेळापत्रकच विस्कटून टाकतो. यावर औषध नाही. झाड उपटायचं, पिशवीत बांधायचं आणि कचऱ्यात टाकायचं. बाल्कनीत चार कुंड्या असतील तर एकीवर माया केल्याने उरलेल्या तीन जातात.

इथवर सगळे जिवंत चोर झाले. पण शहरातल्या कुंडीत पानं मुरडण्यामागे पुष्कळदा कुणीच चोर नसतो.

माझा भाचा बाणेरला राहतो. त्याने रिकाम्या खोलीत एलईडी दिवे टांगून कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, भूत जोलोकिया ही जहाल मिरची आणि टोमॅटो लावलेत. घड्याळ लावून पाणी, घड्याळ लावून उजेड. एक दिवस फोन आला, "मामा, टोमॅटो माना टाकतायत, दिवसातून तीनदा पाणी देतोय तरी." गेलो. पानं खाली वाकलेली होती खरी, पण हाताला लागली टणक. तहानलेलं पान पोतेऱ्यासारखं लुळं पडतं, हे तसं नव्हतं. कुंडीखालच्या ताटलीत दोन बोटं पाणी साचलेलं.

याच्यामागची रसायनविद्या मला फार आवडते. मुळं पाण्यात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही. मग ती एक पदार्थ तयार करतात, ज्यापासून इथिलीन वायू बनतो, पण शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो आणि मुळांपाशी नेमका तोच नसतो. तो अर्धवट माल रसाबरोबर वर चढतो, पानांपाशी त्याला ऑक्सिजन भेटतो आणि तिथे इथिलीन तयार होतं. त्याने देठाच्या वरच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि पान टणकपणे खाली झुकतं. इथिलीन म्हणजे तोच वायू, ज्याने आंबे पिकतात. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात ती दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे, हे नेल्युबॉव या रशियन तरुणाने १९०१ साली दाखवलं होतं. भाच्याला एवढंच सांगितलं, ताटली काढ आणि तीन दिवस पाण्याला हात लावू नकोस.

त्याच्या मिरच्यांचं दुखणं वेगळं. सगळ्यात वरच्या, दिव्यालगतच्या पानांच्या कडा वर वळलेल्या, खालची पानं सपाट. तिथे पानाच्या उंचीवर तळहात पालथा धरला तर अर्ध्या मिनिटात चटका जाणवायला लागला. दिवा वीतभर वर घेतला.

उन्हाळ्यात बाल्कनीत हेच काम सूर्य करतो. ३८ अंशांची एक घनमीटर हवा साधारण ४६ ग्रॅम बाष्प धरू शकते. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांवर आली की हवेत असतं जेमतेम ९ ग्रॅम. उरलेल्या ३७ ग्रॅमची भूक ती पानांकडून भागवते. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत हीच भूक ९ ग्रॅमची असते. पान कडा मिटून घेतं ते उघडा पृष्ठभाग कमी करायला. ज्वारी दुपारी पानांची सुरळी करते तीही याचसाठी. तिच्या पानावर खास फुगीर पेशींच्या ओळी असतात, त्यांतलं पाणी ओसरलं की पान आपोआप गुंडाळतं. ओळखायची खूण सोपी: सकाळी सहाला झाड पाहा. रात्रीतून पान उलगडलं असेल तर फवारणी नको, दुपारची सावली हवी.

आणखी एक गोष्ट मी नेहमी बघतो, वळलेलं पान जुनं की नवं? नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून कमतरता आधी खाली दिसते. कॅल्शियम एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही, त्यामुळे त्याची ओढाताण शेंड्याला. टँकरचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरत असाल तर टोकं करपतात आणि मातीवर पांढरी साय धरते. तिथे खत वाढवणं म्हणजे आजार वाढवणं.

काकूंच्या झाडाचे सगळे शेंडे आम्ही छाटले आणि पिशवीत बांधून टाकले. मग पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या खालून. कडक उन्हात गंधक मारलं तर पान भाजतं, आणि नीमतेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारू नये. आठवड्याने पुन्हा एकदा. दर दोन दिवसांनी काकू विचारायच्या, "राहिलेली पानं सरळ कधी होणार?" ती होणार नव्हती. वाढ संपलेल्या पानाच्या पेशींच्या भिंती कडक झालेल्या असतात, ते जन्मभर वाकडंच राहतं. बघायचं ते बगलेतून फुटणारं पुढचं पान. दसऱ्यानंतर तशी चार पानं आली, नखाएवढी, सपाट. काकूंनी त्यातलं एक तोडून पिशवीत घालून मला दाखवायला आणलं.