ऑटोपे बंद करायचाय? आधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर)

आरओ फिल्टरच्या वार्षिक मेंटेनन्सचे, म्हणजे एएमसीचे पैसे आम्ही ऑटोपेवर (म्हणजे ठरल्या वेळी खात्यातून आपोआप कापून) घ्यायला लागलो तेव्हापासून काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "नको झालं तर बंद होतं का ओ हे? का पैसे जातच राहतात?"

बंद होतं. कसं, ते या पत्रकात सांगतोय. नुसत्या आमच्या एएमसीपुरतं सांगून भागत नाही, कारण विचारणाऱ्याची खरी अडचण बहुतेक वेळा वेगळीच निघते. पोरानं घेतलेला गेम असतो, एक रुपयात मालिका दाखवणारं अ‍ॅप असतं, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात हिशोबासाठी 'फ्री ट्रायल' म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर असतं.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही

हा गैरसमज आम्हाला सगळ्यात जास्त दिसतो. फोनमधून अ‍ॅप गेलं तरी पैसे जायचे थांबत नाहीत. कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना 'हो' म्हटलेलं असतं. एक, कंपनीशी केलेला व्यवहार. दुसरी, खात्यातून पैसे काढायला दिलेली परवानगी, तिला मँडेट म्हणतात. अ‍ॅप उडवल्यानं यातलं काहीच रद्द होत नाही.

म्हणून आधी कंपनीकडं वर्गणी रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट ठेवा. मग मँडेट काढून टाका. नुसतं मँडेट काढलं तर पैसे थांबतील, पण करार तसाच राहतो. कर्जाचा हप्ता किंवा जिमचं वर्षाचं पॅकेज असेल तर पुढं थकबाकीचा तगादा लागू शकतो. उलट, कंपनी दादच देत नसेल तर मँडेट आधी काढायला काही हरकत नाही.

गुगल प्लेवरून घेतलेली वर्गणी प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये सापडते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबलं की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. तिथं रद्द करताना नूतनीकरणाच्या तारखेच्या निदान एक दिवस आधी करा, ऐनवेळी नको. यूपीआयचं मँडेट तुमच्या पेमेंटच्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' या नावाखाली असतं. कार्डावरचं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर बघा.

आता हाताशी फोन असेल तर एक रुपयाच्या ट्रायलचं मँडेट उघडून बघाच. घेताना ठळक दिसला होता तो एक रुपया. इथं मात्र कमाल रक्कम लिहिलेली असते, कुठं पाचशे, कुठं हजाराच्या आसपास. त्याखाली 'मंथली', आणि शेवटची तारीख बरीच वर्षं पुढची. पिन टाकताना तुम्ही मंजुरी दिलीत ती या सगळ्याला.

पैसे जायच्या आधी मेसेज आलाच पाहिजे

आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ते पुरते लागू झाले. पहिल्या वेळी पिन किंवा ओटीपी लागतोच. पुढं 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाऊ शकते. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा 1 लाख आहे. पण दर वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेनं कळवायचं असतं: कोण कापणार, किती, कधी, कशासाठी. तेव्हा तुम्ही तेवढा एक हप्ता अडवू शकता किंवा मँडेटच काढून टाकू शकता. फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला मात्र या आगाऊ मेसेजमधून सूट आहे. मँडेट देण्याघेण्याचे किंवा रद्द करण्याचे पैसे बँक ग्राहकाकडून मागू शकत नाही.

अडचण अशी की हा मेसेज बहुधा इंग्रजीत येतो आणि त्यात अ‍ॅपचं नाव नसून मागच्या कंपनीचं, कधी पेमेंट गेटवेचं, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीचं नाव असतं. लोक जाहिरात समजून पुसून टाकतात. 'मँडेट' आणि 'डेबिट' हे दोन शब्द एकत्र दिसले की मेसेज पुसू नका, कुणाकडून तरी वाचून घ्या.

मँडेट काढूनही पैसे गेले तर 3 कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे नियम अशा व्यवहारांनाही लागू आहेत, पण त्यात उशीर तुमच्याच अंगावर येतो.

कंपनी रद्दच करू देत नसेल तर

घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं, वर "खरंच आमची साथ सोडणार?" असा लाडिक प्रश्न. या प्रकारांना आता कायद्यात नाव आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार आहेत. रद्द करण्याची सोय लपवणं, ती मुद्दाम लांबलचक ठेवणं, फुकट वर्गणीसाठीही ऑटोपेची परवानगी मागणं, हे सगळं 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'मध्ये मोडतं. ट्रायल संपून पैसे सुरू होताना न कळवणं हाही त्या 13 मधलाच एक प्रकार आहे. आणि ऑनलाइन खरेदीत आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुमची संमती नव्हे, हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे.

एक खुलासा करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. "14 दिवसांत कुठलीही वर्गणी परत करता येते" हा नियम युरोपातला आहे. आपल्याकडं असा सरसकट हक्क नाही. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या पॉलिसीला 30 दिवसांचा फ्री लूक, म्हणजे वाचून नको वाटली तर परत करायची मुदत आहे, ती गोष्ट वेगळी. एरवी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळणार का, हे कंपनीच्या अटींवर ठरतं. त्यामुळं वर्षाचं स्वस्त पडतं म्हणून एकदम वर्षाचं घेण्याआधी दोनदा विचार करा. हे आम्ही स्वतः वर्षाचं पॅकेज विकत असून सांगतोय.

आमची एएमसी

नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी आम्ही मराठीत मेसेज करतो आणि फोनही लावतो. नको असेल तर मेसेजवर 'बंद' एवढं लिहून पाठवा किंवा काउंटरवर सांगा. कारण विचारणार नाही. मध्येच सोडलीत तर झालेल्या सर्व्हिसचे आणि बदललेल्या फिल्टर-मेंब्रेनचे पैसे वजा करून बाकी परत देऊ. हिशोब कागदावर मिळेल. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, टाकीत बोअरचं मिसळावं लागतं आणि मेंब्रेन लवकर जातं, त्यामुळं ही वजावट कधी कधी अपेक्षेपेक्षा मोठी निघते. ती न पटल्यास जुना पार्ट दाखवायला मागा, आम्ही तो ठेवलेला असतो.

तक्रार कुठं

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथं दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बँकेची चूक असेल तर बँकेला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं, फी नाही. शेवटी सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता तिथं तक्रार दाखल होते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षं. आमच्याबद्दल तक्रार असली तरी रस्ता हाच.

कंपनीचा हेल्पलाइन नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका, तिथं भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. "रद्द करून देतो, स्क्रीन शेअर करा" म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फोनवर जमत नसेल तर फोन घेऊन दुकानात या, आमची पोरं दाखवतील. मँडेट काढताना पिन लागतो, तो तुम्हीच टाका, आम्हालाही सांगू नका.