आधी पाय, मग हात: टेकऑफनंतर एक इंजिन बंद पडते तेव्हा

दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचे एक इंजिन टेकऑफच्या वेळी बंद पडले, तर ताकद निम्मी होते हे कोणीही सांगेल. वर चढण्याची क्षमता मात्र निम्मी होत नाही, ती जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते.

हिशोब सोपा आहे. समजा, विमान ७० टनांचे आहे, प्रत्येक इंजिन १० टनांचा रेटा देते आहे आणि हवेचा विरोध ७ टनांचा आहे. २० मधून ७ गेले, उरले १३. चढायला कामी येतो तो हा उरलेला रेटा. ७० टनांना १३, म्हणजे साधारण साडेअठरा टक्क्यांचा चढ. आता एक इंजिन गेले. १० मधून ७ वजा केले की उरतात ३. त्यात बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने नुसताच फिरत राहतो, शिवाय शेपटीचे सुकाणू, म्हणजे रडर, वळवून धरावे लागते. या दोन्हींचा मिळून आणखी अर्धा टन विरोध धरा. हातात राहिले अडीच टन आणि साडेतीन टक्क्यांचा चढ. किती इंजिने चालू आहेत याच्याशी हवेला काही देणेघेणे नसते. ती आपला वाटा आधी वसूल करते.

चाके आत घेतल्यावर एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ जमलाच पाहिजे, अशी दोन इंजिनांच्या विमानांना प्रमाणपत्र देतानाची अट असते. ताशी २७० किलोमीटर वेगाला हे प्रमाण सेकंदाला जेमतेम १.८ मीटर पडते. म्हणजे ४०० फूट उंची गाठायला एक मिनिटाहून जास्त वेळ. खिडकीतून पाहणाऱ्याला विमान चढतच नाही असे वाटेल. पण ते चढत असते, आणि तेवढ्यावर भागेल अशाच बेताने त्या दिवशीचे वजन ठरवलेले असते.

इंजिन कोणत्या क्षणी गेले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि ती कोरडी आहे की ओली, यावरून तीन वेग काढले जातात. पहिला व्ही-वन. त्याच्या आत इंजिन गेले तर थांबायचे, नंतर गेले तर उडायचे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. व्ही-वन हा विचार सुरू करण्याचा वेग नव्हे. थांबायचे असेल तर पहिली कृती तोवर झालेली असावी लागते. हिशोबात पुढे दोन सेकंदांची जागा धरलेली असते, पण ती चुकीला सांभाळून घेण्यासाठी, विचारासाठी नाही. म्हणून ‘व्ही-वन’ची हाक येताच कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांडीवरचा, हात काढून घेतो. हात तिथे राहिला, तर धडाम आवाज होताच तो आपोआप मागे ओढला जाण्याचा धोका असतो, आणि उरलेल्या धावपट्टीत विमान मग थांबत नाही.

दुसरा वेग नाक उचलण्याचा आणि तिसरा व्ही-टू, एका इंजिनावर सुरक्षितपणे चढण्याचा. इंजिन व्ही-वनला गेले तरी कोरड्या धावपट्टीच्या शेवटी विमान ३५ फुटांवर असले पाहिजे. धावपट्टी ओली असेल तर १५ फुटांवर.

आता कॉकपिटमध्ये काय होते ते पाहू. समजा, डावे इंजिन गेले. उजवे पूर्ण जोरात आहे, त्यामुळे नाक झपाट्याने डावीकडे वळते. वळताना उजवा पंख पुढे सरकतो, त्याला वारा जास्त मिळतो, तो उचलला जातो आणि विमान डावीकडे कलते. कललेले विमान हाताने सरळ करावे ही सहज प्रवृत्ती, आणि चूक नेमकी तिथेच होते. हाताने कल सुधारायला गेले की पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे वर उघडणाऱ्या पट्ट्या, उघडतात, विरोध वाढतो, आणि आधीच तुटपुंजा असलेला चढ आणखी आटतो. शिवाय मूळ दुखणे वळण्याचे आहे, कलण्याचे नाही. त्यामुळे आधी पाय, कारण रडर पायातल्या पेडलने वळतो. डावे इंजिन गेले तर उजवे पेडल, नाक वळायचे थांबेल इतकेच. पाय बरोबर पडला की हातातले चाक आपोआप सरळ राहते. चाक एका बाजूला धरून ठेवावे लागत असेल तर पाय कमी किंवा जास्त पडला आहे असे समजावे. बोइंग ७७७ सारख्या विमानात ही भरपाई बरीचशी संगणक करतो. इतर बऱ्याच विमानांत ती पायानेच करायची असते.

नाक नेहमीपेक्षा थोडे कमी उचलायचे. एअरबस ए३२० मध्ये एरवी सुरुवातीला १५ अंशांपर्यंत उचलतात, एक इंजिन गेलेले असेल तर साडेबारा अंशांपर्यंत. विमान खरोखर चढू लागले आहे हे मापकांवर दिसले की चाके आत. रडरचा भार ट्रिमवर, म्हणजे तो वळलेल्या जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेवर, सोपवायचा, जमल्यास ऑटोपायलट लावायचा. आणि मग ४०० फुटांपर्यंत काहीच करायचे नाही.

ऐकायला हे विचित्र वाटते. आगीचा लाल दिवा लागला आहे, घंटा वाजते आहे, आणि वैमानिक घंटा बंद करून विमान चालवत राहतो! पण इंजिन आणि पंख यांच्यामधल्या अग्निरोधक भिंती सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटे टिकतील अशा कसोटीला उतरवलेल्या असतात. त्यापुढे एक मिनिटाची थांबणूक काहीच नाही. आगीपेक्षा घाई जास्त महाग पडते.

ती किती महाग पडते हे ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत दिसले. ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ विमानाच्या उजव्या इंजिनाचा पंखा उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच आपोआप निष्क्रिय झाला. एका इंजिनावर ते विमान व्यवस्थित उडू शकले असते. कॅप्टनने घाईत डाव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे घेतला आणि पुढे तेच चांगले इंजिन बंद केले. विमान नदीत कोसळले. ५८ पैकी ४३ जण गेले.

म्हणून ४०० फुटांनंतरही घाई नसतेच. विमान चालवणारा एक आणि मापके पाहणारा दुसरा, अशी विभागणी असते. कोणते इंजिन, काय झाले, हे दोघे मिळून ठरवतात. पंख्याचा फिरण्याचा वेग शून्यावर असेल किंवा जोरदार थरथर असेल तर आत मोडतोड झालेली असते. तापमान वाढते आहे आणि ‘धाड्-धाड्’ आवाज येतात, तर ती बहुधा सर्ज असते, म्हणजे काँप्रेसरमधला, हवा दाबणाऱ्या भागातला, हवेचा प्रवाह उलटा उसळतो. मागून ज्वाळा दिसतात, प्रवासी हादरतात, पण थ्रॉटल मागे घेतल्यावर इंजिन कधीकधी पूर्ववत होते. चालू असलेले इंजिन उगाच मारून टाकू नये.

आग असेल तर क्रम ठरलेला आहे. त्या इंजिनाचा थ्रॉटल मागे, इंधन बंद, मग आगीचे बटण किंवा दांडी. प्रत्येक पायरीला हात ठेवायचा, दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचे, मगच हलवायचे. आगीच्या त्या एका नियंत्रणाने पंखातून येणारे इंधन, हायड्रॉलिक तेल आणि इंजिनातून बाहेर नेली जाणारी गरम हवा या सगळ्यांच्या वाटा बंद होतात आणि जनरेटरचा जोड तुटतो. ए३२० मध्ये त्यानंतर १० सेकंद थांबून आग विझवणाऱ्या गॅसची पहिली बाटली सोडतात, जेणेकरून पंखा मंदावेल आणि गॅस वाऱ्याबरोबर उडून जाणार नाही. ३० सेकंदांनीही इशारा कायम असेल तर दुसरी.

व्ही-टू बद्दल थोडे. ती खालची मर्यादा आहे. २५ मे १९७९ रोजी शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चे डावे इंजिन पंखापासून तुटून पडले आणि जाताना हायड्रॉलिक नळ्या तोडून गेले. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेच्या स्लॅट, म्हणजे कमी वेगातही उचल टिकवणाऱ्या पट्ट्या, आपोआप आत गेल्या, त्यामुळे तो पंख १५९ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) उचल सोडणार होता. विमान १७२ नॉटवर होते. वैमानिकांना स्लॅटचे काहीच कळले नव्हते. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ते वेग व्ही-टूकडे, म्हणजे १५३ कडे, उतरवू लागले आणि वाटेत १५९ ला विमान कलंडले. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे दोघे गेले. आता हाती आलेला जास्तीचा वेग नाक वर करून उधळत नाहीत, ठरलेल्या मर्यादेपर्यंत तो राखतात.

साधारण १००० ते १५०० फुटांवर चढ थांबवून विमान वेग घेते आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, आत घेते. पुढे डोंगर असेल तर त्या विमानतळासाठी आधीच आखलेला वेगळा मार्ग धरतात, कारण नेहमीचा मार्ग दोन इंजिनांच्या चढावर बेतलेला असतो. टेकऑफचा पूर्ण रेटा उरलेल्या इंजिनाला सहसा १० मिनिटेच देता येतो. तोवर ही कामे उरकून त्याला कायम झेपेल अशा रेट्यावर आणतात.

परतताना वजनाचा प्रश्न उभा राहतो. ए३२० किंवा ७३७ ला इंधन हवेत सोडता येत नाही. पण उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट आणि टेकऑफच्या कमाल वजनाला ६ फूट वेगाने टेकले तरी सांगाडा तग धरेल असे डिझाइन असते. त्यामुळे गरज पडल्यास जास्त वजनातही उतरतात, फक्त नंतर तपासणी होते. जमिनीलगत आल्यावर मात्र पायाकडे पुन्हा लक्ष द्यावे लागते. चालू इंजिनाचा रेटा काढून घेतला की त्याच्या भरपाईसाठी वळवून ठेवलेला रडर विमानाला उलट दिशेला ओढू लागतो. म्हणून थ्रॉटल मागे येईल तसतसा पायाचा दाबही सैल सोडत जायचा.