क्रूझला निघताना कॅमेरा : रोलचा न्यावा की डिजिटल?

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जवळ आला की सोलापुरातल्या आमच्या फोटोच्या दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. कुणी मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला बोटीने निघालेलं असतं, कुणी विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून पुढे. घरात वडिलांचा किंवा काकांचा रोलचा कॅमेरा असतो. "तोच नेऊ, की डिजिटल घेऊ?" गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि त्याचा त्रास नंतर तुम्हालाही होतो आणि आम्हालाही. म्हणून हे पत्रक.

थोडक्यात सांगायचं तर सहलीचे मुख्य फोटो डिजिटलवर काढा. रोलचा कॅमेरा हौसेने जरूर न्या, रोलचा रंग आजही वेगळा आणि सुंदर दिसतो. पण तो सोबतीला असू द्या. आणि निघण्याआधी त्याच कॅमेऱ्यातून एक रोल काढून, धुऊन, डोळ्यांनी पाहिलेला असेल तरच न्या.

ही शेवटची अट बहुतेक जण सोडून देतात. सगळा घोटाळा तिथे होतो.

कोरा रोल

कपाटातला कॅमेरा निघायच्या आदल्या दिवशी बाहेर येतो, रोल भरला जातो, सहलीत छत्तीस फोटो मोजून काढले जातात आणि परत आल्यावर धुतलेली पट्टी इकडून तिकडे कोरी निघते. मग "लॅबने बिघडवला" असं वाटणं साहजिक आहे. पण निगेटिव्हची कड बघा. कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे तिथे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि ते रोल धुतल्यावरच उमटतात. कडेचे आकडे ठळक आणि मधली जागा कोरी असेल, तर धुलाई नीट झाली आहे, रोलवर उजेडच पडला नाही. आकडेसुद्धा उमटले नसतील, तर चूक धुण्यात आहे आणि ती आम्ही मान्य करू. म्हणूनच कोऱ्या रोलचीही पट्टी आम्ही फेकत नाही, तुमच्या हातात देतो.

उजेड पडला नाही, कारण बहुतेक वेळा रोल पुढे सरकलेलाच नसतो. रोलचं टोक उजवीकडच्या स्पूलमध्ये, म्हणजे रोल गुंडाळणाऱ्या दांड्यात, नीट अडकलं नाही की रोल सरकवायची लिव्हर फिरते, खटका वाजतो, आकडाही पुढे जातो, आणि रोल मात्र डब्यात जागच्या जागी बसून राहतो. फ्रेमचा आकडा लिव्हरबरोबर फिरतो, रोलबरोबर नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

भरताना हे करा. टोक स्पूलच्या खाचेत घाला आणि मागचं झाकण उघडं ठेवूनच एकदा लिव्हर फिरवा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलेली दिसली पाहिजेत. मग झाकण लावा. डावीकडच्या रिवाइंड नॉबची छोटी दांडी उचला आणि बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, अडकल्यासारखं वाटलं की थांबा. रोलमधला ढिलेपणा गेला. आता लिव्हर फिरवताना त्या नॉबकडे बघा. तो बाणाच्या उलट दिशेने आपोआप फिरला पाहिजे. फिरला तर रोल सरकतोय. नाही फिरला, तर झाकण उघडून पुन्हा भरा, पहिल्या दोन फ्रेमचंच काय ते नुकसान होईल. पहिल्या चार-पाच फोटोंपर्यंत प्रत्येक वेळी नॉब बघत राहा. छत्तीसचा रोल अडतीस-एकोणचाळीसला अडायला हवा. चाळीस ओलांडूनही लिव्हर मजेत फिरत असेल तर काहीतरी चुकलंय.

रोल संपल्यावर झाकण उघडण्याआधी कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून पूर्ण रिवाइंड करा. न गुंडाळता उघडलं तर वरचे वेढे जळतात, आतले काही वाचतात. चुकून उघडलंच तर लगेच बंद करा आणि उरलेले फोटो सोडून देऊ नका.

आमच्याकडून रोल घेतलात तर तो भरून देतो आणि नॉब कसा फिरतो ते दाखवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आधी एक टेस्ट रोल

निघायच्या निदान तीन आठवडे आधी या. रंगीत रोल आम्ही मुंबईच्या लॅबला पाठवतो, यायला आठ-दहा दिवस लागतात. "तुम्ही इथेच का धूत नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरचं (रोल धुण्याच्या रसायनाचं) तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ सव्वातीन मिनिटं ठरलेली असते. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रंग हलतो. रोज भरपूर रोल जात असतील तरच मशीनमधलं रसायन ताजं आणि एकसारखं राहतं. महिन्याला मोजके रोल येणाऱ्या दुकानाने ते करू नये असं आमचं ठाम मत आहे. ब्लॅक अँड व्हाइट मात्र इथेच धुतो. त्याला २० अंश लागतात आणि मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच तिशी ओलांडतं, त्यामुळे बर्फ लावून पाणी तयार करावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात एक दिवस जास्त मागतो.

टेस्ट रोल काढायला सिद्धेश्वर तलाव उत्तम. सकाळी दहाच्या पुढे, पाण्यावर ऊन चमकत असताना, तलावाकडे पाठ करून घरच्या माणसाला उभं करा. बोटीवर नेमका हाच प्रकाश भेटतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चकाकत्या पाण्याला भुलतं आणि चेहरा काळा काढतं. एक फोटो मीटर दाखवेल तसा काढा, दुसरा चेहऱ्याजवळ जाऊन मोजमाप घेऊन. फरक धुतल्यावर दिसेलच. काही फ्रेम घरात, काही संध्याकाळी, काही सर्वात वेगवान शटर स्पीडवर.

या एका रोलमध्ये कॅमेऱ्याची सगळी दुखणी समजतात. झाकणाच्या कडेचा काळा फोम जुन्या कॅमेऱ्यात विरघळून चिकट होतो, मग उजेड शिरतो आणि फोटोवर लालसर-केशरी पट्टे येतात. फोम बदलणं छोटं काम आहे, दोन दिवसांत करून देतो. फ्लॅशच्या कप्प्यात सेल गळून पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर ती आम्हालाच साफ करू द्या. पेंटॅक्स के१००० असेल तर लक्षात ठेवा, त्याला मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सला झाकण नसेल तर बटणसेल संपत राहतो. सेल संपला तरी शटर चालतं, फक्त मीटर बंद पडतं.

आणि माळ्यावर सापडलेला वीस वर्षांपूर्वीचा रोल सहलीला भरू नका. सोलापूरचे उन्हाळे सोसलेल्या त्या रोलचा वेग उतरलेला असतो, रंग बिघडलेला असतो. वापरून पाहायचा तर घरी वापरा.

टेस्ट रोलला आम्ही फक्त धुण्याचे पैसे घेतो, स्कॅनिंगचे नाही.

स्कॅनर आणि रोल

बोटीच्या सहलीत एक्स-रेने रोल खराब होण्याचा धोका विमानापेक्षा जास्त वेळा येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बोटीवर चढताना टर्मिनलवर सामान एक्स-रेतून जातं. पुढे प्रत्येक बंदरात उतरून परत चढताना हातातली पिशवी पुन्हा जाते. एक्स-रेचा परिणाम साचत जातो, पुसला जात नाही.

आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. आयएसओ ४०० पर्यंतचा रोल हातातल्या पिशवीच्या साध्या मशीनमधून थोड्या वेळा गेला तर बहुधा काही होत नाही. ८०० आणि त्यापुढचा रोल लवकर धुरकटतो. वापरून टाकायच्या काही कॅमेऱ्यांत ८०० चा रोल असतो, हे लक्षात असू द्या. मोठ्या बॅगांचं मशीन आणि काही विमानतळांवर आलेलं नवं सीटी (त्रिमितीय एक्स-रे) मशीन मात्र एका फेरीतही रोल खराब करू शकतं. काळा रंग राखाडी होतो, फोटो जास्त रवाळ दिसतो, कधी पट्टे येतात.

म्हणून रोल कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. खोक्यातून काढून पारदर्शक झिप पाऊचमध्ये हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. प्रत्येक ठिकाणी ऐकतीलच असं नाही, पण घाई-गर्दी नसेल तर विचारून बघायला काय हरकत आहे? किनाऱ्यावर उतरताना न वापरलेले आणि संपलेले, दोन्ही रोल केबिनच्या कपाटात ठेवून जा. कॅमेऱ्यात असलेला एकच रोल बरोबर जाईल.

शिशाची पिशवी आम्ही विकत नाही. बरेच जण मागतात. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग उघडली जाते किंवा पुन्हा मशीनमधून फिरवली जाते, मग उपयोग काय?

डिजिटल का म्हणतो

बोटीवर प्रकाश दिवसातून दहा वेळा बदलतो. डेकवरच्या कडक उन्हात आयएसओ ४०० च्या रोलला एफ/११ वर (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) १/१००० सेकंदाचं शटर लागतं. त्याच रोलने रात्रीच्या जेवणाच्या दालनात एफ/२.८ उघडूनही १/१५ च्या आसपास शटर मिळतं, म्हणजे हलणारी माणसं पुसट येणारच. वर इंजिनाची थरथर. ट्रायपॉडचा फायदा नाही, कारण त्याच्याखालची जमीनच हलते. डिजिटलमध्ये आयएसओ ३२०० करा, १/१२५ मिळेल. चालत्या बोटीवरून किनारा टिपताना १/५०० खाली जाऊ नका आणि कोपर कठड्यावर टेकवू नका.

एका बाबतीत रोल सरस आहे. निगेटिव्हला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. डिजिटलचं नेमकं उलट. पांढरा डेक, पांढरे कपडे एकदा जळून कोरे झाले की परत येत नाहीत. तेव्हा रोलवर चेहऱ्याच्या सावलीचं मोजमाप घ्या, डिजिटलवर पांढरं सांभाळा आणि चेहऱ्यासाठी दिवसाही फ्लॅश टाका.

फोन पुरेल का? दिवसाच्या घरगुती फोटोंना खुशाल पुरेल. लांबचे डॉल्फिन, दुसरी बोट, दीपस्तंभ यांना २०० ते ३०० मिमीची लेन्स लागते. फोनच्या आयपी६८ चा, म्हणजे पाणी-धुळीपासून संरक्षणाच्या दर्जाचा, अर्थही समजून घ्या. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्राचं पाणी लागलं तर फोन साध्या पाण्याने पुसून, वाळवून मगच चार्जिंगला लावा.

बोटीवरचं वाय-फाय सहसा वेगळे पैसे भरून मिळतं, त्यामुळे फोटो आपोआप क्लाउडवर जात आहेत असं गृहीत धरू नका. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साध्या जेपीजीला ६४ जीबी भरपूर होतं. रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवा. कार्डने एरर दाखवली तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट तर नाहीच. कार्ड बाजूला ठेवून आमच्याकडे आणा. वर काही लिहिलं गेलं नसेल तर बहुतेक वेळा फोटो निघतात. फॉरमॅट करून, पुन्हा भरून आणलेल्या कार्डासाठी आम्ही खोटी आशा दाखवत नाही.

दव आणि मीठ

आपली हवा कोरडी, त्यामुळे हा त्रास सोलापूरकरांना नवा असतो. एसी केबिनमधून दमट डेकवर आलात की लेन्सवर लगेच दव धरतं, कधी आतल्या काचेवरही. पदराने पुसू नका. मिठाचे कण काचेवर घासले जातात आणि बारीक चरे कायमचे पडतात. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिप पाऊचमध्ये घाला, हवा दाबून काढा आणि डेकवर वीस-तीस मिनिटांनी उघडा. सूर्योदय टिपायचा असेल तर तेवढं लवकर उठावं लागेल. डेकवर लेन्स बदलू नका. रात्री आधी ब्लोअरने हवा मारा, मग किंचित ओल्या मऊ कापडाने कॅमेऱ्याचं अंग पुसा. काचेला फक्त लेन्स क्लीनर आणि टिश्यू. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर मीठ त्याच्यावर बसेल, लेन्सवर नाही. एवढ्या कमी पैशांत एवढं संरक्षण दुसरं कुठलं नाही.

ड्रोन बहुतेक बोटींवर चालत नाही, घेऊन जाऊ नका. मुंबई बंदरालगत नौदलाचा भाग आहे, जिथे मनाई लिहिलेली असेल तिथे कॅमेरा खाली ठेवा.

आमच्याकडे काय मिळेल

रोल, कार्डं, यूव्ही आणि (चकाकी कमी करणारा) पोलरायझर फिल्टर, सिलिका जेल आणि योग्य मापाचे झिप पाऊच असा क्रूझचा संच बांधून ठेवला आहे. त्यातलं घरी असेल ते वगळून घेता येतं. चार-पाच दिवसांसाठी नवा डिजिटल कॅमेरा विकत घ्या असा आग्रह आम्ही करत नाही. डिपॉझिट आणि आधार कार्डाच्या प्रतीवर भाड्याने मिळेल, मात्र दिवाळी आणि मे महिन्यासाठी महिनाभर आधी सांगून ठेवा. कॅमेरा नेताना अर्धा तास काढून या, काउंटरवर तुमच्या हाताने वीसेक फोटो काढून घेऊ.

परत आल्यावर संपलेले रोल उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नका. डब्यावर मार्करने क्रमांक आणि आयएसओ लिहा आणि आठवड्याच्या आत आणून द्या. लॅबचं पार्सल दर शनिवारी निघतं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलेला रोल त्याच खेपेला जातो.